ॲप्टचं आउटपुट फार लांबतं: गप्प करावं की वाचत बसावं?

दुधनाकाठ

नमस्कार मंडळी. सेलू तालुक्यातल्या एका कॉलेजची संगणक लॅब मी सांभाळते. लॅबच्या मशिनवर डेबियन १२ ही लिनक्स आहे आणि दोन सर्व्हरवर उबुंटू २२.०४. दोन्हींत सॉफ्टवेअरची पॅकेजं आणायचं, अपडेट करायचं काम ॲप्ट ही कमांड करते. दिवसा मुलं बसलेली असतात, म्हणून अपडेट मी रात्री घरून करते, एसएसएचवरून (दुरून मशिनवर कमांड चालवायची सोय), मोबाईलच्या डेटावर.

अडचण आउटपुटची आहे. एका मशिनवर अपग्रेड लावलं की आधी हिट, गेट, इग्नच्या ओळी, मग पॅकेजांची भलीमोठी यादी. त्यानंतर प्रत्येक पॅकेजमागे ‘प्रिपेअरिंग टू अनपॅक’, ‘अनपॅकिंग’, ‘सेटिंग अप’, आणि शेवटी ‘प्रोसेसिंग ट्रिगर्स’ची रांग. शंभर पॅकेजं असली की तीनशेच्या वर ओळी होतात. मागे एका मशिनच्या बूट पार्टिशनमध्ये (मशिन सुरू करणाऱ्या फाइली असतात त्या डिस्कच्या भागात) जागा संपली. शेवटी स्क्रीनवर उरलं ते एवढंच: ‘सब-प्रोसेस डीपीकेजी रिटर्न्ड ॲन एरर कोड’. खरं कारण सांगणारी ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’ ही ओळ कितीतरी वर होती, टर्मिनलच्या स्क्रोलबॅकमधूनही निघून गेलेली.

मला स्क्रीनवर कामापुरतंच हवंय, पण काही बिघडलं तर ते लपायला नको. तुम्ही कसं करता? (कमांड मी उच्चाराप्रमाणे लिहितेय, तुम्हीही तसंच लिहा. टाइप करताना काय ते सगळ्यांना कळतंच.)

मोंढा_नांदेड

ॲप्ट-गेटला हायफन क्यूक्यू लावा. विषय संपला.

बालाघाटी

मोंढा भाऊ, विषय तिथं संपत नाही, तिथून सुरू होतो. क्यू एकदा लावला की प्रोग्रेसचे आकडे जातात आणि आउटपुट लॉगमध्ये ठेवण्याजोगं होतं. दोनदा लावला की एरर सोडून बाकी सगळं बंद. पण दोनदा क्यू म्हणजे हायफन वाय आपोआप गृहीत धरलं जातं. ॲप्ट-गेटच्या मॅन्युअलमध्येच लिहिलंय की हायफन एससारखा, काहीच न बदलणारा पर्याय सोबत नसेल तर क्यूक्यू वापरू नका, कारण ॲप्ट तुमच्या मनात नसलेला निर्णय घेऊ शकतं. एखादं पॅकेज काढून टाकायचा प्रस्ताव आला, तर तो तुम्हाला न दाखवताच मंजूर होईल.

दुसरी गोष्ट. क्यूक्यू लावलं तरी डीपीकेजीच्या ओळी येतातच. ॲप्ट वेगळं, डीपीकेजी वेगळं. पॅकेज आणणं, कशाला काय लागतं ते ठरवणं हे ॲप्टचं काम. प्रत्यक्ष उघडून बसवणं डीपीकेजीचं. एकाला गप्प केलं म्हणून दुसरा गप्प होत नाही.

मोंढा_नांदेड

हायफन वायचं ध्यानात नव्हतं. कामून दिलं असंल तसं त्यांनी?

बालाघाटी

प्रश्न विचारायचा तर तो स्क्रीनवर दाखवावा लागतो. आउटपुटच नको म्हटल्यावर विचारणार कुठं?

कोरा_टर्मिनल

मी लातूरला शिकतो, तिसऱ्या वर्षाला. ताई, ॲप्ट बरं म्हणायची वेळ येते एनपीएम (जावास्क्रिप्टची पॅकेजं बसवणारं) बघितल्यावर. एक छोटा प्रोजेक्ट उघडला तरी ‘डेप्रिकेटेड’च्या वॉर्निंगांची रांग लागते, आणि त्यातली बहुतेक पॅकेजं मी घेतलेलीच नसतात, माझ्या पॅकेजांना लागणाऱ्या पॅकेजांची असतात. शेवटी ‘अमुक पॅकेजेस आर लुकिंग फॉर फंडिंग’, मग ऑडिटचा अहवाल.

मी एनपीएमआरसी फाइलमध्ये फंड इज इक्वल टू फॉल्स आणि लॉगलेव्हल इज इक्वल टू एरर अशा दोन ओळी टाकल्यात. ऑडिट मात्र बंद केलं नाही. ते सुरक्षेचं आहे, वेगळं सावकाश वाचतो.

वाळूजकर

कोरा, ऑडिट ठेवलंस ते छान केलंस. फंडिंगच्या ओळीमागं इतिहास आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये स्टँडर्ड नावाच्या लोकप्रिय पॅकेजनं इन्स्टॉल करताना टर्मिनलमध्ये चक्क जाहिरात दाखवायला सुरुवात केली. मोठी आरडाओरड झाली, ती थांबली आणि पुढं एनपीएमनं अशा जाहिरातींना मनाई केली. त्याच वर्षी नोव्हेंबरात एनपीएम फंड ही वेगळी कमांड आली. फुकट राबणाऱ्या लोकांना पैसे मिळावेत ही मागणी रास्तच आहे, पण दुसऱ्याच्या टर्मिनलमध्ये मजकूर टाकून नव्हे. २०२० च्या ऑक्टोबरात एनपीएम ७ आलं, तेव्हापासून डिपेंडन्सीच्या (आपल्या पॅकेजांना लागणाऱ्या पॅकेजांच्या) इन्स्टॉल स्क्रिप्टचं आउटपुट मुळात दाखवतच नाहीत. हवं असेल तर फोरग्राउंड-स्क्रिप्ट्स हा पर्याय द्यावा लागतो.

दुधनाताई, तुमच्या प्रश्नाकडं सविस्तर येतो. कंपनीत शिफ्ट सुरू आहे, संध्याकाळी लिहितो.

हिंगोलीची_हळद

तोवर एक गंमत. ॲप्टिट्यूड (ॲप्टसारखाच दुसरा प्रोग्रॅम) असेल तर ‘ॲप्टिट्यूड मू’ टाइप करा. म्हणेल, या प्रोग्रॅममध्ये ईस्टर एग नाही. मग हायफन व्ही लावा, म्हणेल खरंच नाही. व्ही वाढवत जा. वैतागतो, ‘थांबा’ म्हणतो, शेवटी हरतो आणि चित्र दाखवतो. आणखी एक व्ही लावला की सांगतो, सापानं हत्ती गिळलाय, दिसत नाही का! व्हर्बोज, म्हणजे तपशील, वाढवायचा सराव यापेक्षा चांगला कुठं होणार नाही.

मोंढा_नांदेड

करून बगितलं. पोरांना दाखवायलोय आता. लई हसायलेत.

मास्तर_उदगीर

दुधनाताई, मी थोडा विरोधात लिहितो. लॅब आहे ना तुमची? मग मुलांसमोर आउटपुट दाबू नका.

मी पॉलिटेक्निकला शिकवतो. पहिल्या प्रात्यक्षिकात मुलं एंटर मारतात, ओळी पळताना बघतात आणि ‘झालं सर’ म्हणतात. काय झालं विचारलं की गप्प. मी त्यांना वाय दाबायच्या आधी थांबवतो आणि आकड्यांची ओळ मोठ्यानं वाचायला लावतो: किती अपग्रेडेड, किती न्यूली इन्स्टॉल्ड, किती टू रिमूव्ह, किती नॉट अपग्रेडेड. त्यातला ‘टू रिमूव्ह’चा आकडा शून्य नसेल तर हात कीबोर्डवरून काढायचा आणि कोणती पॅकेजं जाणार ती यादी वाचायची. मग डाउनलोड किती, डिस्कवर जागा किती जाणार. ताई, तुमच्या बूट पार्टिशनच्या गोष्टीत हीच सवय कामाची आहे.

मोंढ्यात लिलाव सुरू असतो तेव्हा नवख्याला नुसता गलका ऐकू येतो, पण आडतीवर वाढलेल्या पोराला आपल्या मालाचा भाव त्यातही बरोबर ऐकू येतो. कान तयार होतो तो गलक्यात बसूनच. मुलांना आधी पूर्ण आउटपुट बघू द्यावं, दाबायचं कसं ते नंतर शिकवावं, असं माझं ठाम मत आहे.

कोरा_टर्मिनल

सर, आम्हाला असं कुणी वाचायला लावलं नाही. इन्स्टॉल झालं की प्रात्यक्षिकाच्या वहीवर सही, एवढंच.

मास्तर_उदगीर

मग आजपासून स्वतःच वाच. ॲप्ट-गेटला हायफन एस लावून बघ, म्हणजे नुसती रंगीत तालीम होते, काहीच बसत नाही. एकेक ओळ समजून घे, अडलं तर इथं विचार. डेबियन १३ ऑगस्ट २०२५ मध्ये आलं, त्यातल्या ॲप्ट ३.० मध्ये हे वाचणं फार सोपं झालंय. पॅकेजांची यादी रकान्यांत येते आणि काढली जाणारी पॅकेजं लाल रंगात दिसतात.

तेरणा

धाराशिवहून. माझ्याकडं वेगळंच दुखणं होतं आणि मला वाटतं इथल्या निम्म्या लोकांना ते असणार. प्रत्येक पॅकेजच्या मागं ‘पर्ल: वॉर्निंग: सेटिंग लोकेल फेल्ड’ आणि त्याखाली एलसी_ऑल, लँग वगैरेची पाच-सहा ओळींची यादी. दहा पॅकेजं म्हणजे साठ ओळी कचरा.

आपल्या लॅपटॉपवर लोकेल (भाषा-प्रदेशाची सेटिंग) मराठी किंवा भारतीय इंग्रजी ठेवलेलं असतं. एसएसएच जोडताना लँग आणि एलसीनं सुरू होणारी व्हेरिएबल्स सर्व्हरकडं पाठवली जातात. सर्व्हरवर ते लोकेल तयारच केलेलं नसतं. इन्स्टॉलच्या वेळी जेवढ्या पर्ल भाषेतल्या स्क्रिप्ट चालतात, तेवढ्या वेळा तक्रार येते.

ही बडबड दाबायची नाही, मुळातून काढायची. सर्व्हरवर डीपीकेजी-रिकॉन्फिगर लोकेल्स चालवून आपलं लोकेल टिकमार्क करा. किंवा त्या सेशनपुरतं एलसी_ऑल हे सी.यूटीएफ-८ करा.

दुधनाकाठ

तेरणा, हे तर माझ्या दोन्ही सर्व्हरवर रोज येतं! मी मराठी लोकेल वापरते. आजच करते.

बालाघाटी

तेरणांचा मुद्दा पुढं नेतो. बडबडीचे दोन प्रकार असतात. एक कामाची नोंद: अनपॅकिंग, सेटिंग अप. दुसरी खरी तक्रार, जी रोज येते म्हणून आपण वाचायचं सोडून दिलेलं असतं. दुसरी क्यू लावून दाबली तर दुखणं तसंच राहतं.

ॲप्ट अपडेटमधली दोन उदाहरणं. ‘स्किपिंग अक्वायर… डझन्ट सपोर्ट आर्किटेक्चर आय३८६’ ही ओळ बाहेरची रिपॉझिटरी (पॅकेजांचं भांडार) जोडली की येते. सोर्सच्या ओळीत आर्च इज इक्वल टू एएमडी६४ लिहिलं की जाते. ‘की इज स्टोअर्ड इन लेगसी ट्रस्टेड.जीपीजी कीरिंग’ ही दुसरी. तिथं रिपॉझिटरीची सही तपासणारी किल्ली वेगळ्या फाइलमध्ये काढून साइन्ड-बायनं जोडायची. दोन्ही दहा मिनिटांची कामं, पण वर्षानुवर्षं लोक तशीच ठेवतात.

खडकपूर्णा

जालन्याहून. मी ग्रेप (हवा तो शब्द असलेल्या ओळीच दाखवणारी कमांड) लावतो. ॲप्ट-गेट अपग्रेड, मग पाइप, मग एरर आणि वॉर्निंगचं ग्रेप. बाकी सगळं गायब.

वाळूजकर

खडकपूर्णा दादा, स्क्रिप्टमध्ये असं करू नका. पाइप लावला की शेलला मिळणारा एक्झिट कोड (कमांड संपताना देते तो आकडा, शून्य म्हणजे यश) शेवटच्या कमांडचा, म्हणजे ग्रेपचा. ॲप्ट मधेच पडलं आणि ग्रेपला एक ओळ सापडली, तर कोड शून्य, स्क्रिप्ट म्हणते सगळं ठीक. उलट सगळं सुरळीत झालं आणि ग्रेपला काहीच सापडलं नाही, तर कोड एक. बॅशमध्ये सेट हायफन ओ पाइपफेल लावलं तर पहिला धोका जातो, दुसरा राहतोच. शिवाय ‘एरर’ हा शब्द पॅकेजच्या नावातही असतो. लिबजीपीजी-एरर बघा, प्रत्येक मशिनवर आहे.

आता दुधनाताईंसाठी सविस्तर. माझं म्हणणं असं: स्क्रीन शांत ठेवा, पण नोंद पूर्ण ठेवा, आणि यश-अपयश ओळी वाचून ठरवू नका, एक्झिट कोडवर ठरवा.

नोंद आधीच असते. व्हार-लॉग-ॲप्ट या फोल्डरमध्ये हिस्टरी.लॉग असतो: केव्हा, कोणती कमांड, कोणती पॅकेजं, जुनी आवृत्ती कोणती, नवी कोणती. शेजारी टर्म.लॉग. तुम्ही टर्मिनलवरून अपग्रेड चालवता तेव्हा डीपीकेजीनं स्क्रीनवर जे ओकलं, ते त्यात जसंच्या तसं असतं. म्हणजे स्क्रोलबॅकमधून निघून गेलेली ‘नो स्पेस लेफ्ट’ तिथं सापडते. लेस या फाइल वाचायच्या कमांडमध्ये उघडून शेवटाकडून वर शोधत यायचं. जुने लॉग जीझेड होतात, त्यांना झेडलेस.

शांततेसाठी मोअरयुटिल्स पॅकेजमधली क्रॉनिक ही कमांड. क्रॉनिक लिहून पुढं मूळ कमांड. काम यशस्वी झालं तर एक अक्षर येत नाही. फसलं तर सगळं आउटपुट येतं, पहिल्या ओळीपासून. क्रॉनजॉबला (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामाला) ही फार शोभते, कारण क्रॉन जे काही आउटपुट दिसेल ते मेल करतो. रोज मेल आला की माणूस मेल उघडायचं सोडतो. फसल्यावरच आला तर उघडतो.

आणि ॲप्ट नाही, ॲप्ट-गेट वापरा. नुसत्या ॲप्टचं आउटपुट फाइलमध्ये वळवलं की ते स्वतःच बजावतं, माझ्या इंटरफेसचा भरवसा धरू नका, स्क्रिप्टमध्ये जपून.

बालाघाटी

वाळूजकर साहेब, क्रॉनिक मलाही आवडतं, पण आपल्याकडच्या नेटवर एक खड्डा आहे. ॲप्ट-गेट अपडेटचा एक्झिट कोड नेहमी खरं बोलत नाही. मधेच नेट गेलं आणि याद्या आल्या नाहीत, तर ते वॉर्निंग देतं: ‘सम इंडेक्स फाइल्स फेल्ड टू डाउनलोड. दे हॅव बीन इग्नोअर्ड, ऑर ओल्ड वन्स यूज्ड इन्स्टेड’. आणि कोड शून्य! तात्पुरती अडचण म्हणून ते अपयश धरत नाही. क्रॉनिकला वाटतं सगळं झालं. मग अपग्रेड जुन्या यादीवर चालतं, ‘शून्य अपग्रेडेड’ म्हणतं, तेही यशस्वी. आठवडेच्या आठवडे मशिन जुनंच राहील आणि मेल एकही येणार नाही.

इथं लाइट जाते, टॉवर बंद पडतो, हे रोजचं आहे. आउटपुट दाबणाऱ्यानं हे आधी बघायला पाहिजे.

वाळूजकर

अगदी बरोबर. त्याला उत्तर आहे: अपडेटला एरर-ऑन इज इक्वल टू एनी हा पर्याय द्या. मग तात्पुरत्या अडचणीलाही कोड शून्य राहत नाही. डेबियन १२ आणि उबुंटू २२.०४ दोन्हीत चालतो. शिवाय क्रॉनिकला हायफन ई लावलं तर स्टँडर्ड एररवर (तक्रारींसाठीच्या वेगळ्या वाटेवर) काहीही आलं की ते आउटपुट दाखवतं.

पुण्यात_परभणीकर

सेलूचं नाव वाचून लॉगिन केलं, आमचं आजोळ आहे. सध्या हिंजवडीत बिल्डचं काम करतो.

डॉकर (प्रोग्रॅम वेगळ्या डब्यात बांधून चालवणं) आणि सीआयमध्ये (आपोआप होणाऱ्या बिल्डमध्ये) हा प्रश्न पैशाचा आणि वेळेचा होतो. गिटलॅब रनरची लॉगची मर्यादा मुळात ४०९६ किलोबाइट, डॉकरच्या बिल्डकिटमध्ये एका पायरीला २ एमआयबी. त्यापुढं ‘आउटपुट क्लिप्ड’. एरर साधारण शेवटी येते, म्हणजे कापला जातो तो नेमका कामाचा भाग. तिथं आउटपुट कमी करणं भागच आहे.

प्रोग्रेस बार आधी बंद करा. बार एकाच ओळीवर पुन्हा पुन्हा लिहितो, कॅरेज रिटर्ननं. स्क्रीनवर एक ओळ दिसते, फाइलमध्ये तीच शेकडो वेळा चिकटून पडते. पायथनच्या पिपला प्रोग्रेस-बार ऑफ, जावाच्या मेव्हनला हायफन एनटीपी (३.६.१ पासून आहे), पीएचपीच्या कंपोजरला नो-प्रोग्रेस. डीपीकेजीचा खालचा पट्टा नको असेल तर ॲप्टच्या कॉन्फिगमध्ये डीपीकेजी::प्रोग्रेस-फॅन्सी शून्य. बार वेळही खातो बरं का: २०१६ च्या सुरुवातीला एनपीएम ३ मध्ये लोकांनी दाखवून दिलं होतं की नुसता बार बंद केला की इन्स्टॉल बऱ्यापैकी लवकर संपतं. पुढं ते सुधारलं.

पिपच्या ‘रिक्वायरमेंट ऑलरेडी सॅटिस्फाइड’च्या ओळींना एकदा हायफन क्यू पुरे, वॉर्निंग आणि एरर तशाच येतात. तीनदा क्यू लावू नका, मग फक्त अगदी गंभीर तेवढंच उरतं.

कोरा_टर्मिनल

परभणीकर दादा, डॉकरमध्ये ‘डिलेइंग पॅकेज कॉन्फिगरेशन, सिन्स ॲप्ट-युटिल्स इज नॉट इन्स्टॉल्ड’ लाल रंगात येतं. ती एरर आहे का?

पुण्यात_परभणीकर

नाही. डेबकॉन्फ (पॅकेजांच्या सेटिंगचे प्रश्न विचारणारा प्रोग्रॅम) सांगतंय की प्रश्न आधी विचारण्याऐवजी बसवतानाच विचारीन. बिनधास्त पुढं जा.

हिंगोलीची_हळद

प्रश्नांवरून आठवलं. उबुंटू २२.०४ वर तो जांभळा डबा येतो, कोणत्या सर्व्हिस रीस्टार्ट करायच्या विचारणारा. रात्री स्क्रिप्ट लावून झोपावं आणि सकाळी तो डबा तसाच वाट बघत असावा!

वाळूजकर

तो नीडरीस्टार्ट. नीडरीस्टार्ट_मोड हे व्हेरिएबल ए केलं तर न विचारता रीस्टार्ट करतं, एल केलं तर नुसती यादी देतं. डेटाबेसच्या सर्व्हरवर एल ठेवा.

आणि याहून वाईट प्रश्न एक आहे. तुम्ही एखादी कॉन्फिग फाइल हातानं बदललेली असते, नव्या पॅकेजात तिची नवी आवृत्ती येते, आणि डीपीकेजी विचारतं: तुमची ठेवू की नवी घेऊ? डेबियन_फ्रंटएंड नॉनइंटरॅक्टिव्ह (म्हणजे ‘प्रश्न विचारू नको’) केलं तरी हा प्रश्न येतो, कारण तो डेबकॉन्फचा नाही, डीपीकेजीचा स्वतःचा आहे. आउटपुट डेव्ह-नलमध्ये (टाकलेलं सगळं गायब होतं तिथं) वळवलेलं असेल तर प्रश्न दिसत नाही, पण डीपीकेजी उत्तराची वाट बघत थांबतं. तुम्हाला वाटतं नेट स्लो आहे. म्हणून डीपीकेजी::ऑप्शन्समधून फोर्स-कॉन्फडेफ आणि फोर्स-कॉन्फओल्ड दोन्ही द्या. जी फाइल तुम्ही बदलली ती तशीच राहते, नवी शेजारी डॉट डीपीकेजी-डिस्ट नावानं ठेवली जाते.

आणखी एक: डेबियन_फ्रंटएंड सुडोच्या (ॲडमिनच्या हक्कानं चालवणाऱ्या कमांडच्या) आधी लिहिलं तर सुडो ते सहसा पुढं जाऊ देत नाही. सुडोच्या नंतर लिहा.

दुधनाकाठ

आता कळलं एक मशिन मधे तासभर का अडकून होतं ते! वाळूजकर दादा, मनापासून धन्यवाद.

एक विचारते. मधेच लाइट गेली तर? लॅबला इन्व्हर्टर नाही. शांत चालवलं आणि मशिन बंद पडलं, तर कुठवर आलं होतं ते कसं कळायचं?

तेरणा

व्हार-लॉगमध्ये डीपीकेजी.लॉग बघा. त्यात तारीख, सेकंदापर्यंत वेळ, मग ‘स्टेटस’, मग अवस्था, मग पॅकेजचं नाव आणि आवृत्ती. एकाच पॅकेजच्या ओळी खाली खाली वाचत गेलं की हाफ-इन्स्टॉल्ड, अनपॅक्ड, हाफ-कॉन्फिगर्ड, इन्स्टॉल्ड असा प्रवास दिसतो. ज्याची शेवटची ओळ इन्स्टॉल्ड नाही, ते अडकलेलं. मग डीपीकेजी डॅश-डॅश कॉन्फिगर हायफन ए. हे स्क्रीनवर काय दिसलं यावर अवलंबून नाही, त्यामुळं शांत चालवलं तरी चालतं.

मोंढा_नांदेड

ताई, घरून करता तर टीमक्समध्ये करा. मोबाईलचं नेट तुटलं तरी तिकडं काम चालू राहतं. आणि मॉश बगा. एसएसएच सगळं आउटपुट ओळ न ओळ पाठवतं, मॉश फक्त स्क्रीन आत्ता कशी दिसती तेवढंच पाठवतं. तीनशे ओळी पळाल्या तरी डेटा जास्त जात नाही, कंट्रोल-सी पण लगेच लागू होतं. मात्र त्याला स्क्रोलबॅक नाही, म्हणून आत टीमक्स. आणि फायरवॉलमध्ये यूडीपी ६०००० ते ६१००० उघडावं लागतं.

डेटाचं म्हणाल तर लॅबमधल्या एका मशिनवर ॲप्ट-कॅशर-एनजी टाका, पोर्ट ३१४२. पॅकेज एकदाच खाली येतं, बाकी मशिन तिथून घेतात. आमच्या इथं यानंच जमलं.

मास्तर_उदगीर

मोंढा भाऊ, हे छान सांगितलंत. पण मला माझ्या प्रश्नाचं उत्तर कुणी दिलं नाही. मुलांचं काय? सगळं स्क्रिप्टनं, सगळं शांत, तर मुलं शिकणार कुठं?

वाळूजकर

सर, तुमचं म्हणणं मला मान्य आहे. माणूस समोर बसलेला असेल तिथं पूर्ण आउटपुट हवंच. माझ्याकडं नवीन मुलं येतात, त्यांना एरर दिली की ती शेवटची ओळ गुगलमध्ये टाकतात. ‘डीपीकेजी रिटर्न्ड ॲन एरर कोड’ शोधून काय मिळणार? वर जाऊन पहिली एरर शोधायची असते, पुढच्या बहुतेक तिच्यामुळंच आलेल्या असतात. हे त्यांना कॉलेजात कुणीतरी शिकवलेलं असेल तर ते मूल लगेच ओळखू येतं.

रात्रीच्या क्रॉनजॉबसमोर मात्र कुणी बसलेलं नसतं. तिथल्या ओळी कुणासाठी?

मास्तर_उदगीर

हे पटलं. मग माझी एक विनंती दुधनाताईंना: तो लॉग मुलांना वाचायला द्या. प्रात्यक्षिकाला एक जुना टर्म.लॉग, त्यात एक खरी एरर, आणि प्रश्न: पहिली एरर कोणती, कशामुळं, पुढच्या किती तिच्यामुळं?

दुधनाकाठ

सर, बूट पार्टिशनवाला लॉग अजून आहे. तोच देते. मशिनचं नाव आणि आयपी काढून इथंही टाकेन.

बाकीचं सांगते. लोकेल तयार केलं, पर्लच्या वॉर्निंग गेल्या. त्यानंच स्क्रीन निम्मी रिकामी झाली. आय३८६ची ओळही काढली. क्रॉनसाठी छोटी स्क्रिप्ट केली: डेबियन_फ्रंटएंड नॉनइंटरॅक्टिव्ह, सर्व्हरवर नीडरीस्टार्ट_मोड एल, मग क्रॉनिकमधून ॲप्ट-गेट अपडेट एरर-ऑन एनीसकट, ते यशस्वी झालं तरच क्रॉनिकमधून ॲप्ट-गेट अपग्रेड, एकदाच क्यू, हायफन वाय, कॉन्फडेफ आणि कॉन्फओल्ड. क्यूक्यू नाही. अपग्रेडच घेतलं, डिस्ट-अपग्रेड नाही, कारण ॲप्ट-गेटचं साधं अपग्रेड बसलेलं पॅकेज काढत नाही; न विचारता चालवायचं तर तेवढंच बरं. लॅन केबल मुद्दाम काढून एकदा चालवलं. पूर्ण आउटपुटसकट मेल आला.

बालाघाटी

केबल काढून तपासलंत हे फार आवडलं. एक जोडा: स्क्रिप्टच्या सुरुवातीला बूट पार्टिशनची मोकळी जागा तपासा. कमी असेल तर तिथंच थांबून कोड एक द्या. आणि जुने कर्नल (लिनक्सचा गाभा) तिथं साचतात ते ऑटोरिमूव्हनं काढा, पण ते हातानं, यादी वाचून.

खडकपूर्णा

मी ग्रेप काढून क्रॉनिक लावलंय. ताई, स्क्रिप्ट इथं टाकता का? लोकेलचं तेवढं माझ्या मशिनवर अजून बाकी आहे, डीपीकेजी-रिकॉन्फिगर लोकेल्स केलं पण वॉर्निंग तशीच येती.

तेरणा

यादीत मराठी लोकेलवर टिकमार्क केल्यावर दुसरी स्क्रीन येते, तिथं मुळातलं लोकेल विचारतं. ते निवडून झालं की एसएसएच तोडून पुन्हा जोडा. जुन्या सेशनमध्ये जुनीच व्हेरिएबल्स असतात. तरी राहिलं तर लोकेल हायफन ए ही कमांड चालवून यादी इथं टाका, बघतो.